धागा बांधलेला चतुर

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या लेकानं चतुराच्या शेपटीला धागा बांधला, पतंगासारखा गॅलरीत फिरवला, शेजारच्या मोठ्या मुलानं त्याचा व्हिडिओ काढला आणि तो बघून सगळी पोरं खिदळली. हे सांगताना तुझा आवाज दाटून आला होता. "ताई, माझा मुलगा इतका निर्दयी कसा गं झाला?" असं तू विचारलंस, तेव्हा फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही. ते आता लिहून पाठवते. सावकाश वाच.

आधी तो 'निर्दयी' शब्द मनातून काढून टाक. आजोळी विक्रमगडला आपण काडेपेटीत काजवे कोंडून उशाशी ठेवले होते, आठवतं? सकाळी सगळे मेलेले निघाले आणि तू दिवसभर जेवली नाहीस. आपण काय निर्दयी होतो? आपल्याला त्यांचा उजेड हवा होता, इतकंच. त्यांना हवा लागते, ओल लागते, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पोरांकडे माया असतेच. कमी पडते ती माहिती. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि तू मला जे विचारलंस, की फोनवर, नेटवर मुलांना काय दाखवू म्हणजे त्यांना मुक्या जिवांची दया येईल, त्याचं उत्तरही मला इथेच सापडलं.

माझ्या मोठ्यानं दोन वर्षांपूर्वी हेच केलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, लाज वाटली होती. मी ओरडले, तो रडला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धागा घेऊन हजर. मग एका संध्याकाळी त्याला जवळ घेऊन बसले आणि चतुराचा एक मोठा, स्वच्छ फोटो फोनवर उघडला. म्हटलं, ज्याला तू शेपटी म्हणतोस ना, ती शेपटी नाहीच. ते त्याचं पोट आहे. त्याची आतडी त्यात आहेत, श्वास घ्यायची बारीक बारीक छिद्रं त्याच्या कडेला आहेत. तू धागा आवळतोस तो त्याच्या पोटावर. पोरानं नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

मग नकाशा काढला. पावसाळा सरताना आपल्याकडे मैदानांवर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात बघ, पँटाला म्हणतात त्यांना. चार्ल्स अँडरसन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ मालदीवला राहायचे. तिथे जमिनीवर गोडं पाणी जवळपास नाही, मग चतुर वाढतील कुठे? तरी दर ऑक्टोबरात ते हजारोंनी उतरायचे. अँडरसननी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये मांडलं, की हे चतुर भारताकडून येतात आणि वाऱ्यावर स्वार होऊन समुद्रावरून थेट पूर्व आफ्रिकेकडे जातात. जाऊन-येऊन चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा फेरा, तोही एकट्याचा नाही, तीन-चार पिढ्यांनी मिळून पुरा केलेला. माझा मुलगा नकाशावर बोट फिरवत राहिला, आपल्या किनाऱ्यापासून आफ्रिकेपर्यंत. मग म्हणाला, "मग धागा बांधला तर तो पोचणार कसा?" त्यानंतर घरात धागा निघाला तो फक्त बटण लावायला.

म्हणून म्हणते, 'प्राण्यांवर प्रेम करा' असं सांगणारी गोड गाणी आणि डोळे मिचकावणारी कार्टून ससुली मी फारशी लावत नाही. वाईट नसतात ती, पण ऐकून पोर उठतं आणि पुन्हा पालीच्या मागे झाडू घेऊन धावतं. त्याला त्या विशिष्ट जिवाची ओळख झालेली नसते.

आणि एका गोष्टीपासून त्याला फार जप. 'प्राण्याला वाचवलं' असे व्हिडिओ. तू परवा मला एक पाठवलास, अजगराच्या विळख्यातून पिल्लू सोडवलेलं. तू हळवी होऊन पाठवलास, मला कळतं. पण पुन्हा एकदा नीट बघ. पिल्लू सापडायच्या आधीपासून कॅमेरा तिथे कसा? एकाच प्रसंगाचं चित्रण तीन बाजूंनी कसं? असे व्हिडिओ करणारे आधी त्या जिवाला संकटात टाकतात आणि मग वाचवल्याचं नाटक करतात. सोशल मीडियावरच्या प्राणी-छळावर नजर ठेवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय गटानं २०२४ मध्ये अशा बनावट बचावांचा अहवाल काढला. त्यांनी गोळा केलेल्या १,०२२ लिंक मिळून ५७ कोटींहून जास्त वेळा पाहिल्या गेल्या होत्या. आपण हळहळत बघतो आणि त्यावर पुढच्या पिल्लाची पाळी येते. स्लो लोरिस नावाच्या त्या मोठ्या डोळ्यांच्या प्राण्याला गुदगुल्या करतात तो व्हिडिओही तसलाच. तो हात वर करतो ते मजा वाटून नाही. कोपराजवळ त्याची विषग्रंथी असते, घाबरला की तो तिथवर तोंड नेण्यासाठी हात उचलतो. हे कळल्यावर मला तो व्हिडिओ बघवेना.

नुसती माया कशी अंगाशी येते ते आपल्याच किनाऱ्यावर दिसतं. पावसाळ्यात केळवे, चिंचणी, डहाणूच्या वाळूवर कासवं येऊन पडतात, बहुतेक ऑलिव्ह रिडले, कधी हिरवी. थकलेली, पायाला जाळ्याचा तुकडा गुंडाळलेला, कधी एक पाय तुटलेलाच. लोक जमतात, चार जण मिळून उचलतात आणि समुद्रात ढकलतात, टाळ्या वाजतात. पण बाई गं, कासवाला आपल्यासारखी फुप्फुसं असतात. त्याला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. ज्याच्यात पोहायचं त्राण उरलेलं नाही त्याला पाण्यात ढकललं, तर ते बुडून मरतं. त्याला सावली करायची, कुत्री आणि गर्दी लांब ठेवायची आणि वन खात्याच्या १९२६ या नंबरावर फोन लावायचा. डहाणूला पारनाक्याजवळ वन खात्याच्या आवारात अशा कासवांचं उपचार केंद्र आहे. तिथले स्वयंसेवक आणि डॉक्टर महिनोन्महिने सांभाळून त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. तो नंबर तुझ्या लेकाच्या हातानं फोनमध्ये सेव्ह करून घे. आठ वर्षांच्या मुलाला एखादं काम सोपवलं की तो कसा ताठ बसतो, बघ.

फोनचा चांगला उपयोग दाखवायचा, तर त्याला आपल्या मच्छीमारांचं सांग. बहिरी मासा, कासव, डॉल्फिन असं काही जाळ्यात अडकलं, तर सोडवायला जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्यांचं पोट. डिसेंबर २०१८ मध्ये सरकारनं ठरवलं, की संरक्षित जिवाला सोडताना जाळं फाटलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई द्यायची. पुरावा म्हणून सोडतानाचे फोटो, व्हिडिओ द्यायचे. भर समुद्रात हलत्या होडीवर एक जण जाळं कापतोय आणि दुसरा फोन धरून उभा आहे. शेजारच्या त्या मोठ्या मुलालाही हे सांग. त्यानंही व्हिडिओच काढला होता ना?

आता माझ्या फोनमध्ये काय काय आहे ते सांगते. सगळं एकदम उघडून देऊ नकोस हं, एक धर आणि महिनाभर तेच चालू दे.

पक्ष्यांपासून सुरुवात कर. 'अर्ली बर्ड' नावाचा, खास मुलांसाठी चालवलेला एक उपक्रम आहे, म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा. त्यांची पक्ष्यांची चित्रं नेटवर फुकट मिळतात, मराठीतही. पक्ष्यावर बोट ठेवलं की आवाज ऐकू येतो अशीही आहेत. सोबत 'मर्लिन' हे कॉर्नेल विद्यापीठाचं मोफत ॲप घे. ते ऐकून पक्षी ओळखतं. मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू? ओळखायचं तर फोन स्थिर धरून, तोंड मिटून उभं राहावं लागतं. माझी दोन्ही कार्टी एरवी शांत बसतील तर शपथ! पण तांबटाचं टुक-टुक कुठून येतंय ते कळेपर्यंत हूं की चूं करत नाहीत. फक्त एक पथ्य पाळ, फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. त्याला वाटतं आपल्या जागेत दुसरा घुसला, आणि तो घरटं सोडून भांडायला येतो.

किडे, फुलं, शेवाळ यांच्यासाठी 'सीक' हे ॲप बरं. कॅमेरा धरला की नाव सांगतं, आणि खातं उघडावं लागत नाही, म्हणून लहानांसाठी निर्धास्त. कधीकधी चुकतं. चुकलं तर चुकू दे, तुझा लेक त्याची चूक काढेल त्या दिवशी पेढे वाट.

'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात मुलानं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला बघून लिहायचं, पालवी आहे का, फुलं आली का, फळं किती. तुमच्या कॉलनीच्या फाटकाजवळ जांभूळ आहे, ते देऊन टाक त्याला. वाचायला स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी आहेत, आणि आपलं 'किशोर' मासिक आहेच. बालभारती १९७१ पासून काढते, जुने अंक आता नेटवर मोफत आहेत. तो मोठा झाला, की विश्वकोश मंडळाचा कुमार विश्वकोश दाखव, जीवसृष्टी आणि पर्यावरणावरचा. मी स्वतः रात्री तोच चाळत बसते. नोव्हेंबरात ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात त्याच्या वर्गाला घेऊन कुठे जायचं असेल, तर मी सुट्टी काढून येईन.

पण नेटहून मोठा ठेवा तुझ्या घरातच बसलाय. तुझ्या सासूबाई मुरब्याच्या. खाडीतल्या चिखलात उड्या मारणारा तो बेडकासारख्या डोळ्यांचा मासा, ज्याचं इंग्रजी नाव पोरं व्हिडिओत शिकतात, तो म्हणजे आपला निवट्या, हे त्या एका दमात सांगतील. चिंबोरी नर की मादी, कालवं कुठल्या दगडाला धरतात, कुठल्या महिन्यात कुठल्या मासळीच्या पोटात गाभोळी असते आणि तेव्हा ती का धरू नये, सगळं त्यांच्या जिभेवर आहे. फोनवर निवट्याचा व्हिडिओ लाव आणि फोन त्यांच्या मांडीवर दे. नातवाला त्या काय सांगतात ते ऐक. आपल्या पाड्यापाड्यांवरही हे ज्ञान आहे. वारली लोकांच्या वाघोबा या दैवताचा अभ्यास झाला, तेव्हा पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर मिळून दीडशे ठाणी नोंदवली गेली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बिबट्या शेजारी राहतो हे धरूनच जगणं रचलेली माणसं आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि आपण मुलांना आफ्रिकेतले सिंह दाखवत बसतो.

एक अवघड गोष्ट राहिली. तारापूर एमआयडीसीच्या बाजूला राहून तू त्याला फक्त फुलपाखरं दाखवू शकणार नाहीस. ओढ्याचं रंग बदललेलं पाणी, खाडीत उलटे होऊन वर आलेले मासे, हे तो बघणारच, आणि विचारणारच. विषय बदलू नकोस. मी माझ्या मुलांना सरळ सांगितलं, की या सांडपाण्यासाठी आपल्याकडची मच्छीमार माणसं कोर्टाची पायरी चढली. अखिल भारत मांगेला समाज परिषदेनं २०१६ मध्ये हरित लवादाकडे दाद मागितली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादानं भरपाईचा मोठा निकाल दिला. धाकटीनं विचारलं, "माशांसाठी कोर्ट असतं?" म्हटलं, असतं. पक्ष्यांना पाण्याचं भांडं ठेवणं जितकं मायेचं, तितकंच हेही, असं माझं मत आहे, आणि मुलांना ते लहानपणीच कळावं.

तुझ्या लेकाला त्या व्हिडिओवरून आता आणखी बोलू नकोस. पुष्कळ झालं.

रविवारी सकाळी ओहोटी आहे. मी पालघरहून पोरांना घेऊन निघते, उमरोळी सोडलं की फोन करते, तुम्ही बोईसर स्टेशनवर उभे राहा, तिथून रिक्षानं चिंचणी. सुरूच्या झाडांपलीकडे ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या, वाटाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी पडलेली असते, मधे एक बारीक भोक. नखाएवढा खेकडा तोंडानं वाळू चाळतो, खाण्याजोगं तेवढं घेतो आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की आत गडप. त्याला बाहेर आलेलं बघायचं, तर दहा मिनिटं हालचाल न करता उकिडवं बसावं लागतं. तुझ्या लेकाला माझ्या शेजारी बसव. सासूबाईंना आण, आणि त्यांच्यासाठी एक बसकण घे, ओल्या वाळूत गुडघे धरतात त्यांचे.