पाण्याच्या साह्याने घनफळ

भंडारा शहर पितळी भांड्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. घनफळाच्या पाठास लागणारे उत्तम साहित्य अशा रीतीने जिल्ह्यातच मिळते. लाकडी ठोकळ्याचे घनफळ लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराने निघते. परंतु ओबडधोबड दगडास पट्टी कोठे लावावी, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाठास आरंभ करावा.

साहित्य : रुंद तोंडाचे, खुणा असलेले मोजपात्र, तराजू, दोरा, पाणी, मँगनीज-खनिजाचा भरीव खडा व 200 ग्रॅमचे पितळी वजन.

कृती : खडा धुऊन, पुसून तोलावा. समजा, तो 200 ग्रॅम भरला. मोजपात्रात 250 घन सेंटिमीटर पाणी घ्यावे. खडा व पितळी वजन यांपैकी कशाने पाणी अधिक चढेल, हे मुलांस आधी विचारावे. दोन्ही सारख्याच वजनाची, म्हणून पाणीही सारखेच चढेल, असे काही मुले सांगतील. ते उत्तर खोडू नये; फळ्यावर लिहून ठेवावे व निर्णय पाण्याकडूनच घ्यावा.

खडा दोऱ्याने बांधून हळूहळू पूर्ण बुडवावा, चिकटलेले बुडबुडे काढावे आणि डोळा पाण्याच्या पातळीशी आणून खूण वाचावी. पाणी 300 वर आल्यास खड्याचे घनफळ 50 घन सेंटिमीटर, आणि घनता 200 भागिले 50, म्हणजे दर घन सेंटिमीटरास 4 ग्रॅम. पितळी वजनाने मात्र पाणी सुमारे 24 घन सेंटिमीटरच चढते. कारण पितळेची घनता सुमारे 8.4 आहे. बुडालेली वस्तू वजनाएवढे नव्हे, तर स्वतःच्या घनफळाएवढे पाणी बाजूस सारते, हे येथे मुलांच्या प्रत्ययास येते.

उपयोग : मँगनीजच्या प्रमुख खनिजांची घनता 4 हून अधिक, तर गारगोटीची सुमारे 2.65 असते. खड्यात गारगोटीचा अंश जितका अधिक, तितकी त्याची घनता कमी. केवळ काळ्या रंगावरून खडा कसदार ठरविणे योग्य नव्हे, हे मुलांस सहज पटते.

उलट उदाहरण : मोजपात्रात न मावणारी पितळी घागर 2,100 ग्रॅम भरली, तर तिच्यातील धातूचे घनफळ 2,100 भागिले 8.4, म्हणजे 250 घन सेंटिमीटर. घागरीत मावणारे पाणी याहून पुष्कळच अधिक असते. धातूचे घनफळ व भांड्याची धारकता यांत मुलांचा गोंधळ होतो; म्हणून घागर पाण्याने भरून तो भेद प्रत्यक्ष दाखवावा.

सूचना : तरंगणारी वस्तू पूर्ण बुडत नसल्याने तिला ही रीत तशीच लागू पडत नाही. प्रथम बुडणारा दगड एकटा पाण्यात सोडून खूण नोंदवावी. नंतर त्याच दगडास ती वस्तू बांधून दोन्ही बुडवावी. दोन खुणांतील अंतर हेच त्या वस्तूचे घनफळ होय.