कंबरेचे माप

माझे मामू मुंबईला मदनपुऱ्यात शिंपीकाम करत. अरुंद गल्लीत त्यांचे छोटे दुकान होते. सकाळी नऊ वाजता ते मशीनवर बसत. नमाजाला आणि जेवायला उठत, तेवढेच. पूर्वी मशीन पायाने चालवावे लागे. पुढे त्यांनी मोटर बसवली. काम भराभर होऊ लागले, पण पायांचे कामही थांबले.

मामूंजवळ एक लांबट वही होती. तिच्यात गिऱ्हाइकांची मापे लिहिलेली असत. एकदा वही चाळता चाळता ते मला म्हणाले, "हे बघ बेटा, हे शेठ. दहा वर्षांपूर्वी कंबर ३२ इंच होती, आता ३८ आहे. उंची मात्र तेवढीच!" आम्ही दोघे खूप हसलो. मामूंची स्वतःची कंबर मात्र त्या वहीत नव्हती.

पुढे मी लंडनच्या बसवाल्यांची हकीकत वाचली आणि मला ती वही आठवली.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी मुंबईची डबलडेकर बस पाहिली असेल. लंडनमध्येही तशाच दुमजली बसगाड्या होत्या. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी सारखा जिना चढे व उतरे. दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या तो चढत असे. पगार, वस्ती, खाणेपिणे दोघांचे जवळजवळ सारखेच. तरी ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो आणि कंडक्टरांना कमी, असे डॉक्टर जेरेमी मॉरिस यांना आढळले. हा अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला.

मॉरिस तेवढ्यावर थांबले नाहीत. बसवाल्यांना कंपनीकडून गणवेश मिळे. त्यांच्या पॅंटची मापे नोंदवलेली होती. मॉरिस यांनी ती नोंदवही तपासली. एकाच वयाचे ड्रायव्हर आणि कंडक्टर घेतले, तर ड्रायव्हरांची कंबर मोठी निघाली. तरुण ड्रायव्हरांचीसुद्धा! मग प्रश्न पडला : बसून बसून कंबर वाढली, की जाडजूड माणसेच बसण्याचे काम निवडत होती? मॉरिस यांनी हा प्रश्न लपवला नाही, हे मला फार आवडले. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्टही खरा अभ्यासक सांगतो. पुढे इतर अनेकांनी तपास केला आणि चालण्याफिरण्याने हृदयाचे रक्षण होते, हे पक्के झाले.

आता कंबरेचा आणि रक्ताचा काय संबंध? हृदय रक्त ढकलते, तेव्हा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर दाब पडतो. तो रक्तदाब. त्याचे दोन आकडे असतात. १२० आणि ८० च्या आसपासचा दाब ठीक समजतात. पुन्हा पुन्हा मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. पोटात चरबी साठली की रक्तदाब वाढतो, रक्तातली साखरही वाढू लागते. ही मंडळी एकटी येत नाहीत. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याच्या आत असावी असे डॉक्टर सांगतात. मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, याहून कमी पुरे. लोणचे आणि पापड यांतले मीठही त्यातच मोजायचे.

सर्वांत वाईट गोष्ट अशी की, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. काटा रुतला तर माणूस ओरडतो. इथे तसे काही होत नाही.

मामूंचेही असेच झाले. मोहल्ल्यातल्या एका शिबिरात त्यांचा दाब १७० आणि ११० निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दोन महिन्यांनी दाब १३० वर आला. मामू म्हणाले, "बरा झालो. आता गोळ्या कशाला?" मामीने पुष्कळ समजावले, पण त्यांनी ऐकले नाही. गोळ्यांमुळेच दाब खाली आला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. आम्हीही जोर केला नाही. ही आमची चूक.

रमजान ईदच्या आधी कामाची फार गर्दी होती. एका रात्री कापड कापताना मामूंच्या हातातली कात्री गळून पडली. उजवा हात उचलेना. तोंड वाकडे झाले, बोलणे कळेना. मुलांनी ताबडतोब इस्पितळात नेले. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. वेळेवर नेल्यामुळे जीव वाचला. हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

आता दुकान त्यांचा मुलगा चालवतो. मामू रोज सकाळी आग्रीपाड्यापर्यंत पायी जाऊन येतात, मग गोळी घेतात. महिन्यातून एकदा मुलगा टेप घेऊन त्यांच्यासमोर उभा राहतो. वहीच्या शेवटच्या पानावर मामूंचे नाव आहे. त्याखाली डाव्या हाताने लिहिलेले वेडेवाकडे आकडे आहेत : ३९, ३८, ३८, ३७.