अर्थिंग आधी, गाडी नंतर

राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर इलेक्ट्रिक गाडी आली. नारळ फुटला, पेढे वाटून झाले. रात्री चार्जर १५ अँपियरच्या सॉकेटात लावला तर लाल दिवा लागला आणि चार्जिंग काही सुरू होईना. गाडीत बिघाड नव्हता. दोष अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात होता.

त्याच घरात फ्रिज, मिक्सर वर्षानुवर्षं विनातक्रार चालले होते, त्यामुळे कुणाला शंका आली नव्हती. ही उपकरणं अर्थिंगवाचूनही चालतात (म्हणूनच ती कधी कधी झटका देतात). गाडीसोबतचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं निघालं की वीज सोडतच नाही. त्यात नगरचा उन्हाळा. माती वाळली की विजेला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. वायरमनने फेज आणि अर्थिंगमध्ये बल्ब लावून पाहिला, तर तो नुसता मिणमिणला. मग नवा खड्डा, त्यात कोळसा आणि मीठ, आणि कडक उन्हात अधूनमधून बादलीभर पाणी. गाडी घ्यायची म्हणून कुणी विचारायला आलं की हा मालक आता रंग, मॉडेल बाजूला ठेवतो आणि आधी वायरमनला बोलवा म्हणतो.

दुसरा प्रश्न फीडरचा. वस्ती शेतीच्या फीडरवर असेल तर पूर्ण दाबाची वीज ठरावीक तासच मिळते, एरवी व्होल्टेज पडतं. गावठाणाच्या फीडरवर एवढी अडचण नसते. तरी मंजूर भार महावितरणकडून वाढवून घ्यावा. विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवर गाडी लावायचा मोह टाळलेलाच बरा. तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो.

रेंजचं गणितही कागदावर सोडू नये. २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची आणि कागदावरची रेंज ३१२ किलोमीटर. रस्त्यावर अनेकांना दोनशेच्या आसपासच मिळाली. नगर-पुणे अंतर एका बाजूने सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे अशा गाडीने जाऊन-येऊन एका चार्जिंगमध्ये होत नाही, आणि हायवेवर ऐंशीऐवजी शंभरने पळवली तर अजिबातच नाही. घरच्या सॉकेटावर ३.३ किलोवॉटने ती भरायला अख्खी रात्र जाते.

राहुरीचा हा मालक पुण्याला निघायच्या आदल्या रात्री वाटेतला फास्ट चार्जर चालू आहे का ते ॲपवर पाहतो, आणि त्याच्या अलीकडचा एक हाताशी ठेवतो. पलीकडचा ठेवून उपयोग नाही. तिथवर पोचायला चार्ज उरला पाहिजे ना!