संयोगाचा हिशोब : लॉजिस्टिक रिग्रेशनमधील आंतरक्रियेचा अर्थ

द्रव्ये एकत्र आली असता एकेकट्यात न आढळणारे कार्य प्रकट होते, हा संयोगाचा विचार चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आला आहे. संशोधनपत्रिकांतील ‘आंतरक्रिया’ अथवा ‘इंटरॅक्शन’ ही संज्ञा वाचताना आपणांस त्याचेच स्मरण होते. मात्र ही आंतरक्रिया कोणत्या मापाने मोजली, हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही.

लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ‘ऑड्स’, म्हणजे व्याधी होण्याचे न होण्याशी असलेले प्रमाण, विचारात घेतात. दोन हेतूंची गुणोत्तरे ५ व ११ असून आंतरक्रिया नसेल, तर दोन्ही हेतू एकत्र असताना ५५ हे गुणोत्तर अपेक्षित असते. म्हणजेच येथे तुलना गुणाकाराशी होते, बेरजेशी नव्हे.

हॅमंड, सेलिकॉफ व सीडमन यांनी १९७९ साली उत्तर अमेरिकेतील ॲस्बेस्टॉस कामगारांची इतर पुरुषांशी तुलना प्रसिद्ध केली. फुफ्फुसाच्या कर्करोगाने दर लाखामागे होणारे वार्षिक मृत्यू असे होते :

दोन्ही हेतू नाहीत : ११
केवळ ॲस्बेस्टॉस : ५८
केवळ धूम्रपान : १२३
दोन्ही हेतू : ६०२

पहिल्या गटाच्या तुलनेत ही गुणोत्तरे सुमारे ५, ११ व ५३ येतात. व्याधी विरळ असल्याने ऑड्सची गुणोत्तरेही जवळपास तीच राहतात. ५३ ही संख्या ५५ च्या निकट असल्याने लॉजिस्टिक रिग्रेशनचा निष्कर्ष ‘आंतरक्रिया नाही’ असाच निघेल. आता बेरीज पाहू. ११ मध्ये ॲस्बेस्टॉसचे ४७ व धूम्रपानाचे ११२ जादा मृत्यू मिळविल्यास १७० होतात; प्रत्यक्षात मात्र ६०२ आहेत. धूम्रपानामुळे पडणारा फरक इतरांत ११२, तर ॲस्बेस्टॉस कामगारांत ५४४ आहे. धूम्रपान सोडण्याचा सल्ला प्रथम कोणाला निकडीने द्यावा, हे या फरकावरूनच कळते.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. समीकरणात आंतरक्रियेचे पद असेल, तर एका हेतूचा स्वतंत्र गुणांक दुसरा हेतू नसतानाचाच परिणाम दर्शवितो. तो सर्व रुग्णांना लागू करू नये.

तात्पर्य, दोन औषधांच्या अथवा औषध व आहार यांच्या संयोगाविषयीचा लेख वाचताना चारही गटांतील प्रत्यक्ष प्रमाणे आपण प्रथम शोधावीत. ती दिलेली नसतील, तर केवळ ‘आंतरक्रिया आढळली नाही’ या वाक्यावरून तो संयोग निर्धोक मानू नये.