दानीएलाचे शाकान्न आणि आपले ताट

वाचनभाग : दानीएल १:८-१६

बाबेलच्या राजवाड्यात दानीएल व त्याचे तीन सोबती यांनी राजाचे मिष्टान्न व द्राक्षारस नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी मागून घेतले. प्रथम हे ध्यानात घ्यावे की, त्यांनी हे प्रकृतीसाठी केले नाही. आपणांस विटाळ होऊ नये म्हणून केले. शिवाय दहाव्या अध्यायात, तीन आठवडे मांस व द्राक्षारस वर्ज्य केल्याचे दानीएल सांगतो; म्हणजे एरवी तो ते घेत असावा. तेव्हा या भागावरून मांसाहार पाप आहे असे शब्बाथ शाळेत शिकवू नये. मूळ इब्री शब्दाचा अर्थ 'पेरून उगवलेले' असा आहे. त्यात भाजीपाला आला, तशी कडधान्येही आली.

तरी साध्या अन्नावर तरुण मुले टवटवीत राहू शकतात, हे त्या कारभाऱ्याने डोळ्यांनी पाहिले. आपल्याकडे मात्र फळ ही आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू होऊन बसली आहे! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने प्रौढ माणसाला भाज्या व फळे मिळून रोज सुमारे ५०० ग्रॅम हवीत. हे श्रीमंतांचे काम नव्हे. साध्या पेरूत संत्र्याहून कितीतरी अधिक 'क' जीवनसत्त्व असते, आणि शेवग्याचा पाला तर पुष्कळांच्या परसात वाया जातो.

खरी काळजी घरातील स्त्रियांची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाई सर्वांच्या शेवटी जेवते आणि तोवर कढईत नुसता रस्सा उरतो. भगिनींनो, आपली वाटी आधी काढून ठेवा. बंधूंनो, ती काढली की नाही ते विचारा. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह अंगी अधिक लागते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी लागते. धाप लागत असेल, तर मात्र भाजीवर न थांबता रक्त तपासून घ्यावे.

भाजी आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी व ते पाणी ओतून देऊ नये. गाजर व हिरवा पाला यांतील 'अ' जीवनसत्त्वाचा अंश शोषला जाण्यास थोडे तेल लागते, म्हणून फोडणीला घाबरण्याचे कारण नाही. मधुमेह्यांनी रस काढून पिण्यापेक्षा फळ चावून, बेताने खावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी केळी व शहाळ्याचे पाणी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.