वेळूच्या बेटातली जाळी

एका आषाढात आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी एका गावी वर्ग घेत होतो. एके सकाळी एक बाई घाबऱ्या घाबऱ्या आल्या. म्हणाल्या, "आमच्या परड्यात कुणीतरी करणी केलीया. काल काय बी नव्हतं. आज अंडं फुटून पांढरं काहीतरी उभं ऱ्हायलंय. मेल्या उंदरावाणी वास सुटलाय."

शेजारणीशी त्यांचे भांडण होते. संशय तिच्यावरच.

आम्ही गेलो. वेळूच्या बेटाखाली कुजक्या पाल्यात वीतभर उंच पांढरा दांडा उभा होता. डोक्यावर हिरवट-काळा चिकट लेप. खाली परकरासारखी पांढरी जाळी. लेपावर माशाच माशा!

हे एक भूछत्र आहे. कुजका पाला आणि लाकूड यांवर ते जगते. जमिनीत त्याचे पांढरे धागे पसरलेले असतात. पाऊस पडला की लिंबाएवढे अंडे वर येते. दांडा आणि जाळी त्यातच घड्या घालून बसलेली असतात. अंडे फुटले की काही तासांतच दांडा उभा राहतो.

मग वास कशाला? त्या लेपात धुळीहून बारीक बी असते. वासाने माशा येतात आणि लेप खातात. बी त्यांच्या पायांना चिकटते, पोटातही जाते. माशी उडून दुसरीकडे बसली की बी तिथे पडते. फूल मधमाशीला गोड वासाने बोलावते, हे घाण वासाने. एवढेच.

शास्त्रज्ञांनी १७९८ साली याचे नाव ग्रंथात नोंदवले. नमुना होता दूर दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचा. तिथे काय ही शेजारीण करणी करायला गेली होती?

चीनमध्ये हे भूछत्र खातात. लेप काढून टाकतात, वाळवतात, रश्शात घालतात. त्याची लागवडही होते. पण म्हणून तुम्ही रानातले कुठलेही भूछत्र खाऊ नका. विषारी आणि खायचे, दोन्ही कधी कधी अगदी सारखी दिसतात. काही विषे शिजवूनही जात नाहीत. काहींचा त्रास सहा-सात तासांनी सुरू होतो, तोवर विष अंगात भिनलेले असते. खाऊन उलट्या-जुलाब झाले तर लगेच दवाखाना गाठा. उरलेले भूछत्र बरोबर न्या.

बाईंना आमचे बोलणे पटेना. जवळच दोन न फुटलेली अंडी होती. एक आम्ही सुरीने चिरले. आत बुळबुळीत गर आणि घडी घातलेला दांडा! दुसरे त्यांनी मातीसकट घमेल्यात घेतले, पाणी शिंपडले, वर पाटी झाकली. कडेला राखेची रेघ ओढली. कुणी हात लावला तर कळावे म्हणून.

पहाटे पाटी उचलली. जाळी उभी होती. रेघ मोडली नव्हती.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग कुंपणापाशी जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली, "अगं ये, बघ तरी काय उगवलंय ते."