‘गिव्ह अप्’ : एक जोडक्रियापद व त्याचे मराठी पर्याय

इंग्रजी भाषा शिकतांना लांबलचक शब्दांची आपणांस फार भीति वाटते. परंतु ते शब्द एकदां कोशांत पाहिले म्हणजे सहसा दगा देत नाहींत. खरी अडचण होते ती लहान शब्दांची. ‘गिव्ह’ म्हणजे देणें आणि ‘अप्’ म्हणजे वर, हें पांचव्या इयत्तेंतील मूलहि सांगेल. पण दोहोंची बेरीज करून तें ‘वर देणें’ असा अर्थ काढील, तर त्याची फजिती होईल. क्रियापदास असें एखादें अव्यय चिकटून दोहोंचा मिळून निराळाच अर्थ होतो, तेव्हां त्यास आपण या लेखापुरतें जोडक्रियापद म्हणूं.

हा इंग्रजीचाच कांहीं दोष आहे असें मात्र समजूं नये. आपल्याकडेहि ‘तो भलतेंच बोलून गेला’ यांत कोणी कोठें जात नाहीं, ‘त्यानें मार खाल्ला’ यांत कोणी जेवत नाहीं, आणि ‘पैसे देऊन टाक’ यांत पैसे जमिनीवर टाकावयाचे नसतात. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला व कँडी यांनीं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध झाला. अशा कोशांत एका इंग्रजी शब्दापुढें अनेक मराठी शब्दांची रांग असते. ती रांग म्हणजे तयार उत्तर नव्हे. तींतून योग्य शब्द निवडणें हें वाचणाराचें काम आहे. ‘गिव्ह अप्’च्या बाबतींत ही निवड करण्यासाठीं दोन प्रश्न विचारावे: काय सोडलें जात आहे? आणि तें कोणत्या कारणानें सोडलें जात आहे?

पहिला अर्थ, संवय किंवा व्यसन सोडणें. ‘ही हॅज गिव्हन् अप् टोबॅको’, म्हणजे त्यानें तंबाखू सोडली आहे. येथें सोडणें, सोडून देणें, वर्ज्य करणें हे शब्द शोभतात.

दुसरा अर्थ, प्रयत्न टाकणें. ‘डोन्ट गिव्ह अप्!’ या वाक्यांत कर्मच नाहीं. मराठींत आपण म्हणूं: धीर सोडूं नकोस, हातपाय गाळूं नकोस, कच खाऊं नकोस.

तिसरा अर्थ, ताब्यांत देणें. ‘द थीफ् गेव्ह हिम्सेल्फ् अप्’, म्हणजे चोर आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. वस्तु असेल तर ‘हवालीं केली’, सैन्य असेल तर ‘शरण आलें’.

चौथा अर्थ, आपलें असलेलें दुसऱ्यास देणें. ‘शी गेव्ह अप् हर सीट’, म्हणजे तिनें आपली जागा दुसऱ्यास दिली. हक्क खुषीनें दिला तर ‘हक्क सोडला’, नाइलाजानें गेला तर ‘हक्कावर पाणी सोडलें’, आणि थोर हेतूनें दिला तर ‘हक्काचा त्याग केला’.

पांचवा अर्थ, आशा सोडणें. ‘द डॉक्टर्स गेव्ह हिम् अप्’, म्हणजे डॉक्टरांनीं त्याची आशा सोडली, हात टेकले. येथें ‘डॉक्टरांनीं त्याला सोडलें’ असें लिहिल्यास रोगी बरा होऊन घरीं गेला, असा अगदीं उलटा अर्थ होईल!

इंग्रजींतहि या अर्थांना निरनिराळे प्रतिशब्द आहेत. संवय किंवा काम सोडण्यास ‘क्विट्’, शत्रूच्या स्वाधीन होण्यास ‘सरेन्डर्’, हक्क सोडण्यास ‘रिलिंक्विश्’, जाणूनबुजून त्याग करण्यास ‘रिनाउन्स्’ आणि निराधार टाकून जाण्यास ‘अबॅन्डन्’. व्याकरणाच्या दोन गोष्टीहि ध्यानांत ठेवाव्या. सर्वनाम नेहमीं मध्यें येतें: ‘गिव्ह इट् अप्’ म्हणावें, ‘गिव्ह अप् इट्’ म्हणूं नये. तसेंच पुढें क्रिया सांगावयाची असल्यास ‘गिव्ह अप् स्मोकिंग्’ असें धातुसाधित नाम योजावें, ‘टु स्मोक्’ असें रूप योजूं नये.

आतां आपल्याच नगरच्या भुईकोट किल्ल्याचें उदाहरण घेऊं. इ. स. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद यानें या किल्ल्यास वेढा दिला. निजामशाहीचा कारभार तेव्हां चांदबिबीच्या हातीं होता. १५९६ च्या फेब्रुवारींत सुरुंगानें तटास खिंडार पडलें, तेव्हां ती स्वतः खिंडारापाशीं उभी राहिली व रातोरात तिनें तें बुजवून घेतलें. पुढें तह झाला; किल्ला राहिला, पण वऱ्हाड प्रांत मोंगलांस द्यावा लागला. ही गोष्ट इंग्रजींत ‘शी गेव्ह अप् बेरार’ अशी लिहितां येईल. तिचें मराठी ‘तिनें हार खाल्ली’ असें केल्यास तें असत्य होईल. ‘वऱ्हाडावर पाणी सोडून तिनें किल्ला राखिला’ हें खरें भाषांतर होय.

१६०० सालीं किल्ल्यास पुन्हां वेढा पडला. आंतील लोकांच्या जीविताची हमी घेऊन किल्ला मोंगलांच्या हवालीं करावा, असा या वेळीं तिचा विचार झाला. तिच्याच बाजूच्या कांहीं लोकांनीं या विचारास फितुरी असें नांव दिलें व तिचा वध केला. त्यानंतर थोड्याच काळांत किल्ला पडला. शहाणपणानें माघार घेणें आणि फितूर होणें या दोन गोष्टींत केवढें अंतर आहे, हें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांनीं आपली राणीहि गमावली आणि किल्लाहि गमावला. पुढें १२ ऑगस्ट १८०३ रोजीं शिंद्यांच्या किल्लेदारानें हाच किल्ला जनरल वेलस्ली याच्या स्वाधीन केला. तेथें ‘स्वाधीन केला’ हाच सरळ शब्द पुरेसा आहे.

योग्य शब्दाची गरज केवळ इतिहासांत पडते असें नाहीं. ती आपल्या घरींहि पडते, म्हणून पालकांनींहि पुढील मजकूर वाचावा अशी विनंती आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगांव, जामखेड या भागांतून अनेक कुटुंबें ऊसतोडीस जातात, आणि कित्येकांस मुलांनाहि बरोबर न्यावें लागतें. अशा एखाद्या मुलाविषयीं इंग्रजींत ‘ही गेव्ह अप् स्कूल’ असें कोणी सहज लिहून जाईल. मराठींत मात्र तीन वाक्यें संभवतात: ‘त्यानें शाळा सोडली’, ‘त्याला शाळा सोडावी लागली’ आणि ‘त्याची शाळा सुटली’. पहिल्या वाक्यांत मुलाची इच्छा आहे. दुसऱ्यांत परिस्थितीची सक्ति आहे. तिसऱ्यांत तर त्याच्या हातून ती नकळत निसटली आहे. सोडणें आणि सुटणें हा भेद आपल्या भाषेनें आपल्याला आयताच दिला आहे.

या तिन्ही प्रसंगीं कागदाचें नांव मात्र एकच, ‘शाळा सोडल्याचा दाखला’. त्यांत शाळा सोडण्याचें कारण लिहावयाची एक ओळ असते. ती ओळ घाईनें भरूं नये. जेथें मुलाला शाळा सोडावी लागली, तेथें पालकांनीं तसें गुरुजींस स्पष्ट सांगावें. म्हणजे त्यास आळशी न समजतां, वसतिगृहाची किंवा नातलगाच्या घरीं राहण्याची कांहीं सोय होते कीं काय, हें वेळींच पाहतां येईल. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांतील एखादी जागा रिकामी दिसली, तर ‘त्यानें शाळा सोडली’ असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या घरीं जाऊन खरें क्रियापद कोणतें, याची चौकशी करा.